लुगड्यात पोहणाऱ्या सुभद्राबाई

पाण्यातून डोकं वर काढताना सुभद्राबाई जो श्वास सोडत, तो आधी ऐकू यायचा आणि त्या मागाहून दिसायच्या. भर वैशाखात डबक्यात डुंबणाऱ्या म्हशीनं तृप्तीनं नाकपुड्या फुलवाव्यात तसा तो दीर्घ, ओला फूत्कार बावडीच्या चारही भिंतींवर आपटत वर यायचा, कोनाड्यांतले पारवे फडफडून उडायचे, आणि मग त्या हिरव्या, अर्ध्या अंधाराच्या पाण्यावर त्यांचं ओलं कपाळ उगवायचं. उन्हाची एकच तिरीप दुपारी त्या पाण्यापर्यंत पोचत असे, आणि बाई नेमक्या तिच्यात येऊन थांबत, जणू ती तिरीप त्यांच्याचसाठी अंथरलेली आहे. म्हशीची उपमा मी एकदा न राहवून त्यांनाच ऐकवली होती. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हैस काहून वाईट वं? पाण्यात तिच्याइतकी शहाणी कोण असते?"

सुभद्राबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. त्यांचं माहेर कन्हानच्या काठचं. थंडी सरून नदी आटायला लागली की पात्रातल्या वाळूत त्यांचे वडील टरबुजाच्या वाड्या लावत, आणि ही पाच-सहा वर्षांची पोर पाठीला वाळका भोपळा बांधून धार ओलांडून राखणीला जाई. चालायला आणि पोहायला त्या बहुधा एकाच वर्षी शिकल्या असाव्यात, आणि दोन्हींपैकी पोहणंच त्यांना अधिक मानवलं. जमिनीवर बाई म्हणजे ओल्या कापसाचा बोजा. उठताना हात टेकायच्या, चौकटीतून जाताना खांदा तिरका करायच्या. पण पाण्याचा स्पर्श झाला की त्या देहातलं वजन कुठं जाई ते मला कधीच कळलं नाही. चैत्रातली पिंपळपालवी वाऱ्यावर जशी स्वतःला विसरून हलते, तसे ते जाड दंड पाण्यात हलत; ना घाई, ना आवाज, ना शिंतोडा.

आणि हे सगळं लुगड्यात, बरं का. नागपुरी कोष्ट्यानं विणलेलं जाडंभरडं नऊवारी, तांबड्या काठाचं. पाण्यात उतरण्याआधी त्या ओचा वर खोचत, कासोटा दोनदा पिळून मागे घट्ट मारत, पदर छातीवरून फिरवून कंबरेशी गाठवत, आणि मग वाकून तीन बोटांनी पाणी कपाळाला लावत. त्या चार हालचालींना एक लय होती. कुणी निरांजनं लावताना पाहावं तसं मी पायरीवर बसून ते पाहत असे.

पाहतच राहिले असते, पण त्यांनी राहू दिलं नाही. मी सावनेरकडची, कोरडवाहू कापसाच्या मुलखातली. पाणी म्हणजे हंड्यात येतं ते, एवढंच मला ठाऊक. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात बाईंनी मला बावडीच्या तिसऱ्या पायरीवर उभं केलं, एका जुन्या लुगड्याचं टोक माझ्या कंबरेला बांधलं, दुसरं आपल्या मनगटाला गुंडाळलं आणि म्हणाल्या, "भेऊ नको वं निर्मले. तू बुडशीन तर तुह्याआधी माह्या हाताले समजन."

मीही लुगड्यातच होते. मी पडले, गटांगळ्या खाल्ल्या, नाकातोंडात पाणी गेलं, आजी-पणजीची नावं घेतली. आणि कधीतरी, कंबरेचा तो पीळ सैल पडला आहे आणि तरीही मी वर आहे, हे माझ्या ध्यानात आलं. माणसाला आयुष्यात फार थोड्या वेळा इतकं हलकं वाटतं. नागपूरच्या आमच्या महाल वस्तीतल्या कितीतरी लेकीसुना त्या लुगड्याच्या टोकाला तरंगायला शिकल्या. एकीलाही बाईंनी हातातून जाऊ दिलं नाही.

मग नळ आले, आणि पाठोपाठ एक दिवस बावडीवर सिमेंटची लादी पडली. आम्हाला कुणी विचारलं नाही. पोरं पडतील म्हणाले. अहो, पोरं पडतील म्हणून तर बाई पोहायला शिकवत होत्या! पडणाऱ्याला हात मारायला शिकवायचं सोडून पाणीच झाकून टाकायचं, ही कुठली अक्कल? पुरुषांना पोहायला गावात तलाव होते. ते लंगोट कसून, दंडाला तेल चोपडून खुशाल जात. आमची एक बावडी होती, अंगणाएवढी, ती तेवढी डोळ्यांत खुपली. बाई त्या लादीवर कधी बसल्या नाहीत. बाकीच्या बायका तिथं पापड वाळवू लागल्या, तर बाई गल्लीच्या दुसऱ्या बाजूनं जात.

त्याच सुमारास त्यांचे गुडघे गेले. पाण्यानं आजवर जे उचलून धरलं होतं ते सगळं ओझं एकदम हाडांवर आलं, असं मला वाटतं. डॉक्टरांना वाटत नव्हतं. बाईंची दिवसभरातली हालचाल मावळतीच्या सावलीसारखी हळू आणि लांबट झाली. कन्हानला माहेरी गेल्या तरी दरड उतरून धारेपर्यंत जाता येईना. काठावर बसून पाण्याकडे बघत, आणि बघताना त्यांचे खांदे थोडेथोडे हलत.

अशात माझ्या लेकीचं, सुधाचं, पत्र आलं. ती लग्नानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या शहरात राहत होती. शहराचं नाव मी मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की लोक शहराला दोष देऊन मोकळे होतात आणि खरा दोष ज्याचा तो निसटतो. तिनं लिहिलं होतं, 'आई, इथं धक्क्याजवळ सार्वजनिक पोहण्याचा तलाव आहे. समुद्राचंच पाणी. भरतीला लोखंडी दार उघडून आत घेतात. खाऱ्या पाण्यात माणूस आपोआप तरंगतो. दुपारी बायकांची वेळ असते. मोठ्या काकूंना घेऊन ये.'

बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं.

"आपोआप? हात न मारता?"

"तसंच लिहिलं आहे."

आपल्या गुडघ्यांकडे त्यांनी पाहिलं, दोन भांडखोर पोरांकडे पाहावं तसं. "म्हातारपणी कोणी उचलून धरावं, इतकंच तर पाहिजे वं माणसाले," म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला: एकदा त्या पाण्यात उतरायचं. मरण्याआधी एकदा देहाचं वजन कुणाच्या तरी हवाली करायचं. देव, तीर्थ, दागिना, कशाचाही हट्ट न धरलेली ती बाई त्या खाऱ्या पाण्यासाठी लहान मुलीसारखी दिवस मोजू लागली.

निघताना त्यांनी सोबत काय घेतलं असेल? एक नवं लुगडं, आणि तांब्याचा गडवा, तोंड कणकेनं लिंपलेला. आत कन्हानचं पाणी. काशीहून गंगा आणतात तशी ही बाई कन्हान घेऊन समुद्राला निघाली होती. तिचं म्हणणं असं की सगळ्या नद्यांचं सासर समुद्र. आपण माहेरचं माणूस, तर रिकाम्या हातानं कसं जायचं? सुधाच्या घरी पोचलो. आमचे जावई भला माणूस. त्यांनी टेबलावर बोटानं नकाशा काढून समजावलं की काकू, कन्हान जाते वैनगंगेला, वैनगंगेचं पाणी पुढे गोदावरीला, आणि गोदावरी पूर्वेच्या समुद्राला. हा तर पश्चिमेचा. तुमची नदी इथं येतच नाही.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "समुद्र दोन असतेत काय, जवाईबापू?"

"हो, म्हणजे... तसे दोनच म्हणायचे."

"वरून दोन दिसत असतीन. खालून कोणं पाह्यलं?"

जावई हसले आणि टेबलावरचं बोट त्यांनी उचललं. मला अजून वाटतं की त्यांच्या नकाशापेक्षा बाईंचाच भूगोल मोठा होता.

तो तलाव मी आजही डोळे मिटून पाहू शकते. काळ्या दगडाचा लांबरुंद चौकोन. भिंतींवर मिठाची पांढरी खपली, खालच्या अंगाला शेवाळाची हिरवी कड. पलीकडे धक्का, त्यावर बगळ्यांसारख्या माना काढून उभ्या असलेल्या, माल उचलणाऱ्या याऱ्या, आणि मधूनच एखाद्या बोटीचा भोंगा इतका खोल की पोटात ऐकू यावा. हवेला मासळीचा, डांबराचा, तेलाचा वास. आणि मधोमध ते पाणी: आमच्या बावडीसारखं गप्प बसणारं नव्हे, भिंतीच्या आत कोंडलेलं असूनही बाहेरच्या समुद्राची आठवण येत असल्यासारखं मंद हेलकावणारं. दुपारच्या उन्हाचे तुकडे त्यावर वर-खाली होत होते. बाई दारातच थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तो उजेड पडला आणि त्या वयातही, सुरकुत्यांच्या जाळीतून, वाळूच्या वाडीवर राखणीला निघालेली एक पोर मला स्पष्ट दिसली.

बायकांची वेळ होती. शहरातल्या पाच-सात मुली पोहण्याच्या पोशाखात पाण्यात होत्या. बाईंनी आडोशाला जाऊन ओचा खोचला, कासोटा पिळून मारला, पदर गाठवला, आणि सुधाच्या खांद्यावर हात टेकून त्या पायऱ्यांकडे निघाल्या. तिथं शिपाईण आडवी आली.

"आजी, लुगडं नेसून पाण्यात नाय जायचं. पोशाख लागतो पोहायचा."

"मंग हा काय आहे? मी काय उघडी आली काय वं?"

पाण्यातल्या मुली हसल्या. शिपाईणही हसली, ती बिचारी वाईट नव्हती. तिनं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. पाटी मी वाचली. चौथीपर्यंत शिकलेली मी, आणि पुढे जे काही शिकले ते हाती पडेल ते वाचून. छापलेलं किंवा रंगवलेलं अक्षर दिसलं की माझी मान आपोआप खाली जायची. मला अक्षर येत होतं म्हणून मी पाटीला भ्याले. बाईंना येत नव्हतं, म्हणून त्या पाण्याकडेच बघत होत्या.

बोलाचाली ऐकून व्यवस्थापक दारापाशी आला. बायकांच्या वेळेत पुरुषानं आत यायचं नाही, हेही त्याच पाटीवर लिहिलेलं होतं, म्हणून तो उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलत होता. इस्त्रीचा सदरा, गळ्यात शिट्टी.

"लुगडं पायात अडकतं, बाई. माणूस बुडतो. बुडालात तर जबाबदार कोण?"

"मीच ना गा भाऊ. लुगड्यानं बुडत असती तर आजवर राहिली असती काय? साठी आली माही."

"नियम म्हणजे नियम. आणि या वयात कसली हौस? घरी बादली असेल की."

बादली! कन्हानच्या पुराच्या पाण्यात म्हशीचं शेपूट धरून पैलतीर गाठलेल्या बाईला हा पोरगेला माणूस बादली सांगत होता, आणि स्वतःच्या विनोदावर हसत होता. लुगड्यात माणूस बुडतो हे त्याला कुणी सांगितलं? त्याची आजी काय पोहण्याचा पोशाख घालून नदीवर जात होती? पिढ्यान् पिढ्या या देशातल्या बायका ज्या वस्त्रात विहिरी, डोह, नद्या पोहून गेल्या, ते वस्त्र एका पाटीनं एका दुपारी नापास करून टाकलं. आणि त्या पाटीला खोटं ठरवणारा जिवंत पुरावा तिथंच उभा होता. तो म्हणजे मी. मी लुगड्यात पोहायला शिकले होते. मी पुढे होऊन म्हणायला हवं होतं, 'साहेब, मला विचारा.' मी म्हणाले नाही. मुली पाहत होत्या, सुधाला पुढे त्याच शहरात राहायचं होतं, आणि माझ्या पायांत पाटीची अक्षरं अडकली होती.

"हवं तर काठावर पाय बुडवून बसा. पाचच मिनिटं," तो म्हणाला, मोठं मन केल्यासारखा.

बाई बसल्या. पहिल्या पायरीवर बसून त्यांनी दोन्ही पाय गुडघ्यांपर्यंत पाण्यात सोडले. हेलकावा आला आणि ते सुजलेले, शिणलेले पाय त्यानं अलगद वर उचलले, क्षणभर धरले, पुन्हा खाली ठेवले. बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"निर्मले, उचलते वं. खरंच उचलून राहिलं."

गुडघ्याखालच्या एवढ्याशा देहाला ते सुख मिळत होतं, आणि उरलेला सगळा देह कोरडा, वर, दगडावर वाट पाहत होता. मी आजवर अनेक उपाशी माणसं पाहिली, पण पंगतीत बसवून हाताला फक्त पाणी द्यावं असा तो प्रकार होता.

मग त्यांनी गडवा काढला. नखानं कणीक खरवडली, तीन बोटांनी थोडं पाणी कपाळाला लावलं, ओठ हलले, आणि कन्हान त्या तलावात ओतली. मला ते दृश्य विसरता येत नाही: तांब्याच्या ओठावरून उतरणारी ती बारीक, उन्हानं पेटलेली धार, आणि ती जिथं मिसळली तिथं उमटून लगेच पुसट होत गेलेलं एक वर्तुळ.

शिट्टी वाजली. एकदा, दोनदा, तीनदा. आणि बायकांच्या वेळेत आत न येणारा तो माणूस बूट घालून थेट पायऱ्यांपर्यंत आला. मुली अंग चोरून गळ्यापर्यंत पाण्यात गेल्या.

"काय टाकलंत पाण्यात?"

"कन्हान."

"काय?"

"आमची नदी आहे."

"घाण करता? हा सार्वजनिक तलाव आहे, तुमचा घाट नाही! उठा, आधी बाहेर व्हा!"

घाण! दहा पावलांवर बंदर होतं. बोटींचं तेल त्या पाण्यावर इंद्रधनुष्य काढत होतं, मासळीची आतडी तरंगत होती, आणि भरतीबरोबर त्यातलं जे काही येईल ते हे लोखंडी दार उघडून आत घेत होते. ते चालत होतं. गडवाभर कन्हान मात्र घाण.

हे सगळं मी त्याला म्हणायला हवं होतं. आता म्हणते आहे, इतक्या वर्षांनी, चार भिंतींत बसून. तेव्हा मी काय म्हणाले ते सांगते. मी हात जोडले आणि म्हणाले, "माफ करा साहेब. त्या खेड्यातल्या आहेत. त्यांना कळत नाही."

आणि बाईंचा दंड धरून मी त्यांना उठवलं.

ओल्या पावलांचे ठसे उमटवत त्या माझ्याबरोबर बाहेर आल्या. फाटकापाशी थांबून त्यांनी ओचा सोडला, निऱ्या सारख्या केल्या. खाली बघतच विचारलं, "मले काय कळत नाही वं, निर्मले?"

आवाजात राग असता तर मी सुटले असते. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

मी रिकामा गडवा उचलला आणि चालू लागले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

नागपूरला आल्यावर गल्लीतल्या बायका जमल्या. "काय वं मोठेबाई, पोहल्या काय समुद्रात?" बाई सुपातले तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कायची पोहतो वं! गुडघ्यानं दगा देल्ला. पायऱ्याच उतरता नाही आल्या. निर्मलेनं बिचारीनं लय म्हटलं, मीच नाही उतरली."

त्यांनी ते इतकं सहज म्हटलं की सूप हलायचंही थांबलं नाही. माझ्या कंबरेला पुन्हा एकदा तो जुना पीळ बसल्यासारखा वाटला मला. बुडणारी मी होते आणि त्यांच्या हाताला आधी समजलं होतं. पण यावेळी मला हलकं वाटलं नाही. मला राग आला, त्या माणसाचा, त्या पाटीचा, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही, की त्यांनी मला रागवायची संधीसुद्धा दिली नाही.

पुढच्या सगळ्या वर्षांत त्या कुठल्याही पाण्यात उतरल्या नाहीत. एका कार्तिकात, कोवळं ऊन पायांवर घेत बसल्या असतानाच गेल्या. तेरवीच्या पंगतीत जो तो तेच बोलत होता: समुद्रापर्यंत गेल्या हो, पण गुडघ्यांनी घात केला, नशिबात नव्हतं, म्हातारपण कुणाला सुटलं आहे! मी पानांवर भात वाढत होते आणि ऐकत होते. तेव्हाही बोलले नाही.

आता ते ऐकणारेही बहुतेक गेले. सुधाच्या मुलांनाही हीच गोष्ट ठाऊक आहे, गुडघ्यांची. माणूस गेलं की त्याच्याविषयी जे सांगितलं जातं तेच हळूहळू ते माणूस होऊन बसतं, आणि सांगणारेही सरले की त्याला दुरुस्त करणारं कुणी उरत नाही. म्हणून माझी स्मृती शाबूत आहे तोवर लिहून ठेवते की सुभद्राबाई थकल्या नव्हत्या, भ्यायल्या नव्हत्या, त्यांना सगळं कळत होतं, त्यांना अडवलं गेलं, आणि अडवणाऱ्या हातांतला एक हात माझा होता.